त्सियाला, लाट, दोन

कुताइसीत, भाजीबाजारामागच्या जिन्याखाली माझं दुकान:
दीड खुर्ची, एक हीटर,
आणि एकमेकांशी न बोलणारे सात कॉम्प्युटर.

दिवसभर मी दुभाष्याचं काम करतो.
एकाला फोल्डरमधली तिरकी रेघ उजवीकडे कललेली लागते,
दुसऱ्याला डावीकडे.
ओळ संपली हे सांगायला एकाला दोन खुणा लागतात:
मागे फीर, खाली उतर.
दुसऱ्याला नुसतं खाली उतर म्हटलं तरी पुरतं.
लिनक्सला थोरलं अक्षर आणि धाकटं अक्षर म्हणजे दोन माणसं,
विंडोजला एकाच माणसाचे दोन कोट.
आमच्या लिपीत थोरलं-धाकटं नाहीच,
त्यामुळे हे भांडण मला नेहमी
शेजारच्या भिंतीतून ऐकू आल्यासारखं वाटतं.

आवृत्त्या येतात. बटणं गोल होतात, मग चौकोनी, मग पुन्हा गोल.
गिऱ्हाईक विचारतं, "वाझा, हिच्यात वेगळं काय?"
मी म्हणतो, "खिडकी तीच, पडदे धुतलेत."
हे अर्धं खोटं आहे, पण हीटरचं बिल त्यावर निघतं.

फेब्रुवारीत त्सियाला कोपालेइश्विली आली.
नदीपलीकडे तिचं भरतकामाचं दुकान,
नाचाच्या पथकांचे पोशाख करते.
पिशवीतून तिनं फ्लॉपी काढली,
रुमालात गुंडाळलेली, अंडं काढावं तशी.
"माझं मशीन डॉसवर चालतं," म्हणाली,
"आणि डॉस माझ्यासारखंच, नवं काही शिकत नाही.
पण फ्लॉपी करकरायला लागलीय. हिची नक्कल हवी."

डॉसला नाव आठ अक्षरांत उरकावं लागतं.
लांब नाव दिलंत तर पहिली सहा रोमन अक्षरं राहतात,
मग एक लाट, मग आकडा.
मशीनच्या हिरव्या पट्टीवर तिला इतकी वर्षं दिसायचं:
त्सियाला, लाट, एक.
त्सियाला, लाट, दोन.
पहिलं तिनं हजारभर कॉलरींवर उतरवलं, द्राक्षाचा वेल.
दुसरं कधी उघडलंच नाही.
"तीच नक्षी असणार. बोंदो प्रत्येक गोष्टीची नक्कल ठेवायचा,
चाव्यांचीसुद्धा."
बोंदोचा कॉम्प्युटर, अठ्ठ्याण्णव सालचं विंडोज असलेला,
त्याच्यामागून वर्षभरात बंद पडला होता.

मी फ्लॉपी माझ्या लिनक्सला दिली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, बिनकामाची वाटेल:
लांब नाव पुसलं जात नाही.
ते शेजारीच पडून असतं, तुकड्यातुकड्यांत, उलट्या क्रमानं,
अशा खुणेखाली, की डॉसनं तिथून जाताना
मान वळवून घ्यावी.

स्क्रीनवर पहिल्या फाइलचं नाव आलं:
त्सियालाचा वेल, दुरुस्त केलेला.
मग दुसरीचं:
त्सियालाचा स्वतःचा अंगरखा, सवड मिळाली की.

ती उभी होती, हीटरजवळ बसली.
हातमोजे काढले. पुन्हा घातले.
"छोटं नाव काढून हे पूर्ण नावच ठेवू का?" मी विचारलं.
"नको. मशीनला वाचता येणार नाही."
तिनं पाच लारी ठेवल्या, मी तीन परत केल्या,
त्या टेबलावरच राहिल्या.

शुक्रवारी रात्री फोन. मागे मशीनचा आवाज नाही.
"अर्ध्यात थांबलंय, वाझा. धागा बदल म्हणतंय.
कुठला रंग, ते सांगत नाही.
तुझ्या लिनक्सला विचार ना."

माझ्याकडची नक्कल मी तीन यंत्रांवर उघडून पाहिली.
टाक्यांच्या जागा होत्या, हजारो. वळणं होती. थांबे होते.
रंग नव्हता. असल्या फाइलीत तो लिहितच नाहीत,
कुठल्याही सिस्टिमवर, कुठल्याही आवृत्तीत.
इथे थांब, एवढंच.

तिला तसं सांगितलं.
बराच वेळ काही नाही, मग रिळांचा डबा उघडल्याचा आवाज.
"असू दे," ती म्हणाली. "फोन ठेवू नकोस.
मी बघतेय."